तिसऱ्या बेसमागची खुर्ची

रविवार, ५ एप्रिल १९८१. एल कार्दोनाल

आज सकाळी चर्च सुटल्यावर बोकड संघाच्या समितीची तीन माणसं माझ्या घरी आली आणि मी आपल्याच गावच्या बेसबॉल संघाला पाठिंबा देणं बंद करावं, अशी लेखी विनंती करून गेली. अशा गोष्टीची नोंद दोन्ही बाजूंनी असावी. त्यांची बाजू कागदावर आहे, माझी या वहीत राहील. याआधी मी कधी दैनंदिनी लिहिली नाही. ज्यांना बोलायला कोणी नसतं तेच ती लिहितात, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

समितीत तिघं: अध्यक्ष सेन्योर कुरिएल, बर्फाच्या कारखान्याचे मालक; संघाचा व्यवस्थापक निकानोर लुगो, जो पाण्याचे पंप दुरुस्त करतो; आणि चिटणीस म्हणून माझी भाची कासिल्दा. ती माझ्या भावाची, कै. रुफिनोची मुलगी. टपाल कचेरीत नोकरीला आहे, वय बेचाळीस, आणि अजून माझ्यासमोर उभी राहिली की हात पाठीमागे बांधते.

"बसा," मी म्हटलं.

कोणी बसलं नाही. कुरिएल हातातली टोपी फिरवत राहिले. "बाई, गैरसमज नसावा. गावाला तुमच्याबद्दल फार आदर आहे."

"प्रस्तावना नको. मुद्दा."

"मुद्दा म्हणजे... पाबा."

बत्तीस वर्षं या गावाला मी गणित शिकवलं, आणि हा शब्द माझ्याच बैठकीत ऐकावा लागला. "सरळ म्हणा ना, की मी पांढऱ्या पायाची आहे."

"तसं नाही हो बाई. पायगुण म्हणू या. गेल्या सहा वर्षांत आपण अकरा सामने जिंकलो. त्या अकराही दिवशी तुम्ही मैदानावर नव्हता."

"हे कोण म्हणतं?"

"तुमचीच नोंदवही," कासिल्दा जमिनीकडे बघत म्हणाली.

निकानोरने घसा साफ केला. "बाई, मला वाटतं कारण वेगळंच आहे. पाबा वगैरे काही नाही. पोरांना तुमची..."

"निकानोर, खिशातून हात काढ आणि वाक्य पूर्ण कर."

त्याने हात काढला. वाक्य पूर्ण केलं नाही. शाळेतही त्याचं असंच होतं.

गांभीर्य मला कळतं. संघ सलग पंधरा सामने हरला आहे. वीस झाले की लीग नाव काढून टाकते; नियम एकोणिसावा. मग आपली जागा सिमेंट कारखान्याच्या नव्या संघाला जाईल. त्यांच्याकडे नऊ जणांचे सारखे गणवेश आहेत. आणि आपलं मैदान, जे माझ्या वडिलांनी चुन्याच्या फक्कीने आखलं, त्यावर कारखान्याचे ट्रक उभे राहतील.

तरी मी नाही म्हटलं. आमच्या मैदानावर बाकं नाहीत. प्रत्येक घर आपली खुर्ची आणतं आणि खुर्चीची जागा बापाकडून मुलाकडे जाते. लागोपाठ दोन रविवार खुर्चीत घरचं कोणी बसलं नाही, तर जागा शेजाऱ्याची. माझी जागा तिसऱ्या बेसच्या मागे आहे, कारण रुफिनो तिसऱ्या बेसवर खेळायचा. १९३८ पासून मी तिथे बसून संघाची नोंदवही लिहिते. रुफिनो गेला तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सामना होता, आणि मी तिथेच होते.

दुपारी गेले. ९–१ असे हरलो. सोळावा. पिचर विल्मेर साबाला चेंडू टाकण्याआधी तळवे पँटला पुसत राहतो, फळ्यापाशी आल्यावर पुसायचा तसे. तिसऱ्या बेसवरचा तेयो मेदिना चेंडू आला की आधी मला बघतो, मग चेंडूला. तोवर चेंडू गेलेला असतो. मी छत्रीने खुर्चीच्या हातावर एकदाच टकटक केलं, धावपटू बेस सोडून फार पुढे आला आहे एवढंच दाखवायला. विल्मेरच्या हातातून चेंडू पडला.

घरी येऊन नोंदवह्या काढल्या. खरं आहे. अकराही विजय कासिल्दाच्या अक्षरात आहेत; मी नसले की वही ती लिहिते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोरो शहरात गेले होते तेव्हा तीन, बहिणीच्या अंत्यविधीला एक, तापाचे दोन, बाकीचे असेच. अकरा ही संख्या निष्कर्षाला पुरेशी नाही.

सहा वर्षांपूर्वी मीच होते की, तेव्हा जिंकत होतो. पण तेव्हाचे खेळाडू खाटीक, ट्रकवाले, बकऱ्या राखणारे. शाळेचं तोंड न पाहिलेले. आताचे नऊच्या नऊ माझ्या हाताखालून गेलेत. सात जणांना मी नापास करून सप्टेंबरात पुन्हा बसवलं होतं. शिकलेला संघ अडाणी संघापेक्षा वाईट का खेळतो, हा खरा प्रश्न आहे. समितीला तो सुचत नाही.


बुधवार, ८ एप्रिल

समिती घराची तपासणी करायला आली. पाबा माझ्यात नसून माझ्या वस्तूंत असावी, असा नवा सिद्धांत आहे. मी तपासू दिलं. जिथे मत आहे तिथे प्रयोग हवा.

कुरिएल हात खिशात घालून खोल्यांतून फिरले. अपशकुन टाळायला पुरुष खिशात हात घालून काय धरतात ते मला ठाऊक आहे, इथे लिहिणार नाही. घरात असले की पाबा येते असं इथे मानतात, म्हणून दाराआडचा मोठा शंख, मोराचं पीस आणि प्लास्टिकची फुलं त्यांनी ताब्यात घेतली. फुलं मलाही आवडत नव्हती. शंख रुफिनोने आणला होता.

"पावती द्या," मी म्हटलं.

"बाई, पाबाची पावती कशी देणार?"

"शंखाची द्या."

दिली. तारीख घालायला विसरले होते. परत बोलावून घालून घेतली.


रविवार, १२ एप्रिल

तडजोड झाली. खुर्ची जागेवरच, पण मी मैदानाकडे पाठ करून बसायचं. शंख आठ किलोमीटरवर पुरलेला. खुर्चीखाली वाईट नजर पळवणाऱ्या सताप्याच्या पाल्याची जुडी बांधलेली. कुणीतरी होम बेसवर कोकुईची दारू शिंपडली होती, माशा जमल्या.

पाठ असली म्हणून काय झालं? चाळीस वर्षं ऐकते आहे. बॅटचा आवाज बोदा आला तर चेंडू बुडाशी लागला. पावलं थांबली तर कुणीतरी आळस केला. मी न वळता म्हटलं, "तेयो, गुडघे वाकव." मागे काहीतरी धपकन पडलं. नंतर कळलं, तेयोच होता.

पाचव्या डावात विल्मेरने पंचांकडे पाणी प्यायला जायची परवानगी मागितली. पंच माझ्याकडे बघायला लागले असावेत. मी पाठमोरीच "जा" म्हटलं.

हरलो. सतरावा.


रविवार, १९ एप्रिल. ईस्टर

सामना नाही. चौकात येशूशी दगा करणारा जुदास जाळला.

दर वर्षी जुदासचा पुतळा कोणा ना कोणासारखा असतो. मागच्या वर्षी पाणीपुरवठ्याचा अधिकारी होता. या वर्षी त्याने करडा स्कर्ट घातला होता, डोळ्यांवर चष्मा, हातात काळी छत्री. लोक माझ्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की माझ्याभोवती दहा फूट रिकामी जागा पडली.

छत्री चांगली बनवली होती. फक्त मी ती डाव्या हातात धरते.

जाळण्याआधी जुदासचं मृत्युपत्र वाचतात. यंदाचं न्हाव्याने रचलं होतं:

पट्टी माझी गुरुजनांना, चष्मा देते वाऱ्याला,
खुर्ची धाडा खेकड्यांकडे, लागू दे ती खाऱ्याला;
वीस वेळा हरले बोकड, पाप माझ्या पायाचं,
मलाच न्या रे खेकड्यांनो, ओझं उतरो गावाचं.

खेकडे म्हणजे पुएर्तो ओन्दोचा संघ, कोळ्यांचा. हशा झाला. मग हशा थांबला, कारण मी हात वर केला होता.

"सतरा," मी म्हटलं. "वीस नाही. आपण सतरा वेळा हरलो आहोत. यमकात बसत नाही म्हणून आकडे बदलायचे नसतात. शिवाय 'वीस'ला इथे यमकच नाही, तेव्हा तीही सबब नाही."

न्हावी म्हणाला, "होय बाई," आणि कागदावर दुरुस्ती केली. मग पुतळा पेटवला. चष्मा सगळ्यात शेवटी वितळला. कासिल्दा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. धुराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वारा उलट्या दिशेला होता.


गुरुवार, २३ एप्रिल

काही नाही. वारा. बकरीने वाळत घातलेला रुमाल खाल्ला.


रविवार, २६ एप्रिल

आज सामना पिएद्रा ग्रान्देला होता. बाहेरगावच्या सामन्याला मी येऊ नये असं समितीने सुचवलं. सुचवणं म्हणजे बंदी नव्हे. रुफिनोची गवती टोपी, कासिल्दाचा काळा चष्मा घातला, छत्री घरी ठेवली आणि भाड्याच्या गाडीने गेले. परक्या लोकांत, अगदी मागे उभी राहिले. हा प्रयोग होता: मी आहे हे कोणालाच ठाऊक नसेल तर पाबा चालते का?

पहिले तीन डाव चालली नाही. बोकड ४–१ ने पुढे होते. हे मी स्वतः पाहिलं. विल्मेर च्युइंगम चघळत फेकत होता, तेयो दुसऱ्या बेसवाल्याला शिव्या देत होता, सगळे हसत होते. बेशिस्त होती, पण धावा होत्या.

चौथ्या डावात चेंडू उंच उडून माझ्या दिशेने आला. त्याच्यामागे पळत येणाऱ्या क्षेत्ररक्षकाने वर पाहण्याऐवजी समोर पाहिलं आणि तो जागच्या जागी थबकला. टोपी काढली.

"नमस्कार, बाई."

मग बाकीच्यांनी पाहिलं. नऊच्या नऊ जणांनी टोप्या काढल्या आणि मैदानभर एका सुरात आलं, "नमस्काऽऽर, बाई." विल्मेरने च्युइंगम गिळलं, ते मला इतक्या दुरूनही कळलं.

मी सवयीने म्हटलं, "बसा."

ते बसले. दोघंतिघं नाही, नऊही. चेंडू गवतात पडलेला, पिएद्रा ग्रान्देचे तीन जण धावत होम बेसवर आले आणि आमचे खाली बसलेले. पंच म्हणाले की नियमावलीत याबद्दल काही नाही.

११–४. अठरावा. निदान शिस्त शिल्लक आहे, एवढं समाधान.

परतताना निकानोरने मला ट्रकच्या पुढच्या सीटवर बसवलं. पोरं मागे बकऱ्यांच्या जाळीत.  तो म्हणाला, "बाई, आता तरी कळलं ना तुम्हाला?"

"कळलं. टोपी बदलून पाबाला फसवता येत नाही, असं आता कुरिएल म्हणतील."

निकानोरने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं.


शुक्रवार, १ मे

समिती पुन्हा. या वेळी कुरिएल प्रसन्न होते, आणि ते नेहमीच काळजीचं कारण असतं.

"बाई, न्हाव्याच्या मृत्युपत्रात शहाणपण आहे. तुमचा पायगुण ही शक्ती आहे. आपण ती स्वतःवर चालवतोय. दहा तारखेला खेकडे येणार आहेत. तुम्ही त्यांच्या बाजूने बसा."

"म्हणजे मी गद्दारी करू?"

"गावासाठी!"

"गावाविरुद्ध, गावासाठी."

"अगदी बरोबर!" ते म्हणाले. त्यांना वाटलं मी सहमत झाले. "फक्त एक अट. मनापासून हवं. नुसतं बसून चालणार नाही. पाबाला ढोंग कळतं. खेकडे जिंकावेत असं तुम्हाला आतून वाटायला हवं. आणि कागद करू. सरकारी शिक्क्याचा."

कासिल्दा म्हणाली, "आत्या, नाही म्हणा."

"तू चिटणीस आहेस. चिटणीस मत देत नाही."

"मी चिटणीस म्हणून नाही सांगत."

निकानोरचा चेहरा लाल झाला होता. "कागद कशाला? बाईंनी नुसतं घरी बसावं. एक रविवार. मी लिहून देतो, जिंकू."

"आजारी माणसं घरी बसतात," मी म्हटलं. "आणि मेलेली. मी दोन्ही नाही."

विचार करायला वेळ मागितला. आयुष्यात पहिल्यांदाच. समितीला तो एवढा मोठा अपशकुन वाटला की ते मागल्या दाराने गेले.


रविवार, ३ मे

मधला मार्ग म्हणून मैदानापासून दोनशे पावलांवर, कुहीच्या झाडाखाली, रुफिनोची दुर्बीण घेऊन बसले. खुर्चीत कासिल्दा. दुर्बिणीच्या काचेवर ऊन चमकत असावं. तेयो सारखा झाडाकडे बघत होता. सहा चुका, सगळ्या त्याच्या. एकदा चेंडू त्याच्या पोटाला लागून थांबला तरी त्याला दिसला नाही.

एकोणिसावा.

आता एकच उरला.


बुधवार, ६ मे

खेकड्यांचे अध्यक्ष बेर्नाबे गोतोपो मला बघायला आले. दोन होड्यांचे मालक, पाय उघडे, बोलणं सरळ. कुरिएलनी त्यांना सांगितलं होतं की एल कार्दोनाल मैत्री म्हणून आपल्या सगळ्यात अनुभवी नोंदकर्त्या देऊ करत आहे. फसवून दिलेला माल मला आवडत नाही, आणि इथे माल मी होते.

"सेन्योर गोतोपो, गावाचं म्हणणं आहे की मी पनवती आहे. मी ज्यांच्या बाजूला बसते ते हरतात. मला पटत नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं."

ते पोट धरून हसले. "बाई, माझ्या पिचरच्या घरात तीन शंख आहेत. माझी बायको मोर पाळते. समुद्रात रोज जाणाऱ्याला पनवतीची काय भीती! तुम्ही या. वही कशी ठेवता ते माझ्या पोरांना शिकवा."

"मी शिकवते तेव्हा पूर्ण शिकवते."

"तेच तर हवंय!"

कुरिएल खिडकीबाहेर उभे राहून ऐकत होते. खिडकीखालच्या निवडुंगामुळे त्यांना फार वेळ टिकता आलं नाही.


शनिवार, ९ मे

दुपारी मैदानावर गेले. कोणी नव्हतं, बकऱ्या होत्या. माझ्या खुर्चीच्या जागी चार खड्डे आहेत, चार पायांचे. त्रेचाळीस वर्षांत खुर्च्या तीन बदलल्या, खड्डे तेच. कमरेत वाकून एक मोजला. वितभर खोल आहे.

प्रश्न असा मांडता येतो. निष्ठा म्हणजे जागा की संघ? जागा धरली आणि संघ गेला, तर मी ट्रकांच्या मागे बसलेली म्हातारी. संघ राहिला आणि जागा गेली, तर मी दुसऱ्यांच्या बाकावर बसलेली म्हातारी. दोन्हींत म्हातारी समान आहे. ती दोन्ही बाजूंनी काढून टाकता येते. उरतं ते: ट्रक, की बोकड?

हे इतकं सोपं आहे की पहिल्याच दिवशी सुटायला हवं होतं. विद्यार्थ्याने एवढा वेळ लावला असता तर मी त्याला ओरडले असते.

पाबा खरी आहे असं मी मानत नाही. पण उद्या हरलो आणि मी माझ्याच खुर्चीत असले, तर गाव जन्मभर म्हणेल की बाईंमुळे. आणि जिंकलो तर? तर मला तिथे बसता येणार नाही, कधीच. म्हणजे मी स्वतःच्या विरुद्ध जिंकण्याची इच्छा करते आहे. हे गणितात बसतं. इतर कशात बसत नाही.

पाच वाजता सही केली.


रविवार, १० मे

सविस्तर लिहिते.

कुरिएलच्या आग्रहाने हस्तांतर समारंभाने झालं. मैदानाच्या मधोमध दोन्ही समित्या उभ्या. विल्मेर आणि तेयोने माझी खुर्ची डोक्यावर घेतली आणि तिसऱ्या बेसमागून पहिल्या बेसकडे, खेकड्यांच्या बाजूला नेली. मी मागून चालत गेले. गावातले लोक उभे राहिले. कोणीतरी रडत होतं. मिरवणुकीत कोणी ना कोणी रडतंच. तेयोने खुर्ची ठेवताना हळूच म्हटलं, "सॉरी, बाई."

"कशाबद्दल?"

तो खूप वेळ विचार करत उभा राहिला. "अपूर्णांकांबद्दल," म्हणाला आणि पळाला.

निकानोरने खुर्ची खेकड्यांच्या पत्र्याच्या शेडच्या आत, पाण्याच्या पिंपामागे ठेवली. मला ऊन लागू नये म्हणून, असं तो म्हणाला. तिथून मला मैदान दिसत होतं. मैदानावरून मी दिसत नव्हते. मुलगा विचारी झाला आहे.

मी करार केला होता, मनापासूनचा. तेव्हा मनापासून खेकड्यांची बाजू घेतली. त्यांचा पिचर उंच, ताकदीचा, पहिल्या दोन डावांत त्याने बोकडांना हलू दिलं नाही. पण त्याचा डावा खांदा फेकताना खाली जातो. डाव संपवून तो पाणी प्यायला आला तेव्हा मी सांगितलं.

"पण बाई, चेंडू बरोबर जातोय."

"बरोबर उत्तर चुकीच्या रीतीने काढलं तर मी गुण देत नाही. खांदा वर. आणि उभा राहतोस तेव्हा पोक काढू नकोस. नाव काय तुझं?"

पुढच्या डावात तो प्रत्येक फेकीआधी स्वतःच्या खांद्याकडे बघायला लागला. लागोपाठ चौघांना फुकटचा बेस दिला. मग मी कॅचरला विचारलं की तो इशारे डाव्या हाताने का करतो, आणि तो स्वतःचे हात तपासत बसला. दुसऱ्या बेसवाल्याला शर्ट आत खोचायला लावला. तो खोचत असताना चेंडू त्याच्या बाजूने गेला.

"बाई," गोतोपो कपाळ पुसत म्हणाले, "हात जोडतो, पोरांना काही सांगू नका."

"मी तुमच्या बाजूने आहे. बाजूने असणं म्हणजे दुरुस्त करणं."

"दुसऱ्या कोणाच्या बाजूने असता तर काय केलं असतंत?"

"हेच."

ते पिंपावर बसले.

इकडे बोकड. काय सांगू! विल्मेर च्युइंगम चघळत होता, भर मैदानात, उघड. एकाने बेसवर पोचल्यावर नाच केला. सगळे एकमेकांना शिव्या घालत होते, मी कधी शिकवल्या नाहीत त्या. आणि चेंडू चिंचोके उधळावेत तसे चारी बाजूंना जात होते.

८–३ असताना शेवटचा डाव, दोन बाद. चेंडू तिसऱ्या बेसकडे आला, सरपटत. तेयोने आधी मागे पाहिलं, माझ्या जागेकडे. तिथे चार खड्डे होते. तो क्षणभर त्या खड्ड्यांकडेच बघत राहिला. मग चेंडूकडे पाहिलं. वेळ होता. उचलला, फेकला. बाद.

गाव वेडं झालं. चर्चची घंटा वाजली, कोणी तोफेचे बार काढले, बकऱ्या मैदानात शिरल्या. मी टाळी वाजवली नाही. कराराच्या विरुद्ध झालं असतं. दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवले आणि घट्ट धरले. मूठ निघाली. जुनी होती.

सहा वर्षांत बोकड माझ्यासमोर पहिल्यांदा जिंकले आणि तो निकाल मी माझ्या अक्षरात लिहिला. वही खेकड्यांची होती. त्यामुळे त्यात मला लिहावं लागलं: पराभव.


बुधवार, १३ मे

खेकड्यांनी कराराप्रमाणे नेलेली खुर्ची पुएर्तो ओन्दोहून परत आली. सोबत केळीच्या पानात खारवलेला मासा आणि चिठ्ठी: "बाई उत्तम आहेत. कृपया परत घ्या. बे. गोतोपो."

कुरिएलनी ठराव केला आहे की उरलेल्या मोसमात दर रविवारी मला त्या त्या प्रतिस्पर्ध्याला द्यावं. पाबा सिद्ध झाली, असं ते म्हणतात. मी म्हटलं, एका सामन्याने काही सिद्ध होत नाही. बारा झाले, ते म्हणाले. अकरा अधिक एक. बेरीज बरोबर होती. त्यांची बेरीज बरोबर आलेली मी प्रथमच पाहिली.

संध्याकाळी निकानोर चेंडू घेऊन आला, रविवारचा, शेवटचा गडी बाद केलेला. नऊ जणांच्या सह्या. दोघांनी स्वतःच्या नावापुढे इयत्ता लिहिली आहे.

"बाई, पोरांनी निरोप दिलाय. तुम्ही तिथे नसलात की सुनंसुनं वाटतं, म्हणाले."

"सुनं वाटून आठ धावा काढल्या."

"हो." तो हसला, मग थांबला. "तेयो म्हणाला, चेंडू आला तेव्हा वाटलं आता बाई म्हणणार, गुडघे वाकव. कोणी म्हणालं नाही. म्हणून मग त्याने स्वतःच वाकवले."

"मग एवढी वर्षं काय करत होता?"

"बाई, तेच तर मी केव्हाचं सांगायचं..." त्याने माझ्याकडे पाहिलं. हातातला चेंडू टेबलावर ठेवला. "जाऊ द्या. खांदा सरळ होता का माझा, आत येताना?"

"होता."

तो अगदी सरळ चालत गेला. फाटकाशी अडखळला.


शनिवार, १६ मे

उद्या पिएद्रा ग्रान्दे येतात. आज दुपारी चार वाजता माझ्या बैठकीत, समितीसमोर, देवघेव झाली. कासिल्दाने वही घेताना विचारलं, "आत्या, जिंकलो तर तुम्हाला कळवू कसं?" मी तिला सांगितलं की मी समोरच असेन, दुसऱ्या बाजूला, आणि शिवाय मला ऐकू येतं.

तिने विचारलं, "आणि आनंद झाला तर?"

तो कराराबाहेरचा प्रश्न होता. मी देवघेवीची नोंद वाचायला सुरुवात केली.

कासिल्दा कोलिना हिला दिलं: खुर्ची एक, तिसऱ्या बेसमागची, जागेच्या हक्कासह. बोकडांच्या नोंदवह्या सात, १९३८ पासून. त्यातले अकरा विजय तिच्याच अक्षरात आहेत, पुढचेही तिनेच लिहावेत. दुर्बीण एक. शंख एक, समितीने उकरून परत आणलेला. तारखेची पावती जोडली आहे.

पिएद्रा ग्रान्दे संघाला, फक्त उद्यापुरतं: घडीचं स्टूल एक. छत्री एक, मूठ नवी. बाई एक, चालत्याबोलत्या स्थितीत.

माझ्याकडे राहिलं: चेंडू एक, नऊ सह्यांचा. पेन्सिल.

मिळालं, तक्रार नाही. सही, कासिल्दा कोलिना. तारीख घातली आहे.